बाईचा वाफा

फाल्गुन लागला की धुळ्यात दुपारचा वारा बदलतो. सकाळी अंगावर घेतलेली घोंगडी अजून घडी करून ठेवलेली नसते आणि बारा वाजता खिडकीतून असा कोरडा, सोनेरी झोत येतो की घरातली सगळी माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. अशा वेळी मी गहू निवडायला बसते. गहू रेशनचा. कुठल्या मुलखातून बोटीत बसून आला, त्याचं त्यालाच ठाऊक. त्याला गोणपाटाचा वास येतो, थोडा घासलेटचाही येतो, गव्हाचा मात्र येत नाही. आमचे हे कचेरीतून येताना स्वराज्याच्या बातम्या आणतात, आज येणार, उद्या येणार म्हणून. मी सुपातले खडे वेचत ऐकते. हात आपलं काम करत असतात आणि मन केव्हाच पांझरेच्या काठाने चालायला लागलेलं असतं.

त्या काठच्या एका गावात मी लग्न होऊन गेले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माहेर धरणगावचं. आमच्याकडे काळी जमीन, कपाशीची, आभाळाकडे तोंड करून बसलेली. पाऊस पडला तर पिकलं, नाही तर नाही. पाटाचं पाणी हा प्रकार मी सासरी पहिल्यांदा पाहिला. नदीला वरच्या अंगाला दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाच्या दोन्ही बाजूंना गावाची शेतं. सगळ्यांनी एका वेळी एकच पीक घ्यायचं आणि पाणी बंधाऱ्यापासून शेवटच्या शेतापर्यंत ओळीने जायचं. पाणी सोडायचा, वळवायचा आणि बंद करायचा अधिकार एकट्या पाटकऱ्याचा. माझे सासरे, ज्यांना सगळं गाव नाना म्हणे, ते पाटकरी होते. खांद्यावर फावडं, डोक्याला पागोटं, आणि चाल अशी की पाण्याबरोबर चालायची सवय झालेल्या माणसाची असते, ना भरभर ना सावकाश.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. हे नोकरीला धुळ्यात, शनिवारी संध्याकाळी येत आणि सोमवारी पहाटे जात. त्यामुळे घरात नाना आणि मी. नाना बोलत कमी. पण मी पाटावर भाकरी घेऊन गेले की मला लिंबाखाली बसवून एखादी गोष्ट सांगत, आणि ती गोष्ट बहुतेक वेळा बाईचीच असे.

बाई म्हणजे देशमुखीणबाई. पेशवाईच्या अखेरीला या गावाची देशमुखी एका विधवेकडे आली होती. बंधारा तिनेच बांधवला. पाण्याची पाळी तिने लावून दिली, आणि स्वतःसाठी जमीन राखली ती पाटाच्या अगदी शेवटाला, जिथे पाणी सगळ्यांच्या नंतर पोहोचतं. लोक म्हणाले, बाई, तुम्ही मालकीण, वरच्या अंगाची घ्या. ती म्हणाली, मी वर बसले तर खालच्याची तहान मला कशी कळणार. मग एका वर्षी नदी आटली, वरच्यांनी पाणी अडवलं. बाई आपल्या शेताच्या बांधावर जाऊन बसली. पाणी येईपर्यंत उठायची नाही म्हणून. वैशाखातलं ऊन. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती बसल्या जागी गेली, आणि त्याच दिवशी उन्हं कलल्यावर पाणी तिच्या बांधाला लागलं.

तेव्हापासून ती हिंडते, असं म्हणत. रात्री नाही. रात्री तिथली माणसं खुशाल पाटावर निजत. बाईची वेळ दुपारची. ऊन डोक्यावर आलं, पाटावर हवा हलायला लागली, की पांढरं पातळ नेसून पांढऱ्या घोडीवरून ती बंधाऱ्यापासून शेवटापर्यंत जाते, कोणाचं किती भिजलं ते बघत. चोरून पाणी वळवलेलं असेल तर त्या शेताशी घोडी थांबते. मग त्या घरचा बैल बसतो, विळा बोटाला लागतो, असं काही काही. नाना हे सगळं खाली बघून, भाकरीचा तुकडा मोडत सांगत. त्यात भीती घालायचा भाव मुळीच नसे. गावातल्या एखाद्या मोठ्या बाईमाणसाची ओळख करून द्यावी, तसं ते सांगणं असे.

आमच्या ह्यांना हे सारं पटत नसे. कचेरीत त्यांना जुनी मोडी कागदपत्रं चाळायची हौस होती. एका शनिवारी आले ते हसतच. म्हणाले, तुमची बाई सापडली. तीन अर्ज आहेत तिचे. वरच्या शेतांचे मालक पाणी चोरतात, बंदोबस्त व्हावा. एकाचंही उत्तर नाही. पांढरी घोडी वगैरे काही नाही, भांडखोर बाई होती एवढंच दिसतं. नाना चिलीम झाडत म्हणाले, "मंग तेच ते. जित्तेपनी बी ती बांधवरच उभी व्हती." मला फार गंमत वाटली, कारण वकिली भाषेत बोलणाऱ्या माझ्या नवऱ्याला गप्प करणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

बाईच्या शेताचं पुढे काय झालं कोणास ठाऊक. माझ्या वेळी उरला होता तो एक वाफा. खाटेपेक्षा थोडा मोठा, पाटाच्या टोकाला, कोणाच्याच मालकीचा नसलेला. त्यात दरवर्षी गावातर्फे गहू पेरत आणि तो कोणी कापत नसे, पाखरांसाठी उभा राहू देत. पाळीचं पाणी तिथवर पोहोचून वाफा भिजला की पाटकरी मोठ्याने हाक देई, "बाई न्हायनी!" म्हणजे बाई न्हाली. ती हाक पुढच्या शेतातला माणूस उचले, त्याच्या पुढचा उचले, अशी करत करत ती बंधाऱ्यापर्यंत जाई. मग तिथे फळ्या टाकून पाट बंद करत आणि नदी खालच्या गावाला मोकळी होई. पुन्हा आपली पाळी बारा दिवसांनी. ती हाक शेतांवरून जाताना मी ऐकली आहे. जवळची जाडी, मग मध्यम, मग इतकी बारीक की ऐकू येते की आठवते, ते कळू नये.

बाईच्या वाफ्याला लागून शेवटचं खरं शेत होतं येसूअक्काचं. पन्नाशीची विधवा. लेक सासरी गेलेली, दुसरं कोणी नाही. बारीक चणीची, सावळी, सदा काहीतरी पुटपुटत काम करणारी. वर्षाचं खाणं आणि पुढल्या साली पेरायचं बी, दोन्ही त्याच शेतातून निघे. मला ती दुरून बघून हसायची. नव्या सुनेशी उगाच सलगी करायची नाही, असा तिचा स्वभाव.

आता त्या माघाकडे यायला हवं. आले असते ह्याआधीच, पण सुपातले गहू एकीकडे सारून थोडं टाळत बसले.

त्या वर्षी पाऊस अर्धाच झाला होता आणि पांझरा माघातच गुडघ्यावर आली होती. गहू ओंबीत भरत होता. पाळीचा दिवस होता आणि नानांना हिवताप भरला होता. तरी ते फावडं घेऊन निघाले. मी भाकरी घेऊन दुपारी गेले तर ते मधल्या लिंबाखाली घोंगडी पांघरून बसलेले, दात वाजतायत. खालच्या गावची माणसं सकाळपासून बंधाऱ्यावर येऊन बसली होती. नानांनी त्यांना शब्द दिला होता, दुपार कलायच्या आत पाणी सोडतो म्हणून. नानांचा शब्द त्या नदीवर कधी मागे गेला नव्हता.

"पोरी," ते म्हणाले, "जराशी पुढे जाय. बाईना वाफा देखी ये. भिजना व्हई ते मी हाक देस."

मी गेले. ऊन असं पडलं होतं की पाट, बांध, गहू, सगळं पाण्यातून बघितल्यासारखं हलत होतं. पायांखाली सावली नव्हती. चालता चालता पाटातलं पाणी बारीक झालं, मग चिखल झाला, आणि येसूअक्काच्या शेताच्या अलीकडच्या बांधाशी तोही संपला. वरच्या प्रत्येकाने थोडं थोडं जास्त घेतलं होतं. कोणा एकाने नाही, सगळ्यांनीच, आणि प्रत्येकाला आपलं ते थोडंच वाटलं होतं. बाईचा वाफा भेगाळलेला पडला होता.

मी तिथे किती वेळ उभी राहिले सांगता येत नाही. नाना तिकडे कुडकुडत होते. हाक गेली नाही तर ते तापात उठून हे अख्खं अंतर चालणार, पुन्हा वर जाणार, प्रत्येकाशी भांडणार, आणि खालची माणसं म्हणणार, नानांचा शब्द गेला. बांधावर येसूअक्काची घागर पालथी होती. नदीचा डोह शंभर पावलांवर. मी पदर खोचला आणि घागर भरून आणली. एक, दोन, तीन. सहा घागरींत वाफा काळा झाला, वर थोडं पाणीही तरंगलं.

मला तेव्हा काय वाटलं होतं, ते खरं सांगते. मला वाटलं, हा देवीचा नैवेद्य आहे. नैवेद्य कोणी दाखवला, कोणाच्या हाताने दाखवला, देवीला काय त्याचं. शेजारची येसूअक्काची जमीन फाटलेली मला दिसली होती. पण माझ्या माहेरी माघात सगळीच जमीन फाटते आणि हरभरा दहिवरावर येतो. ओंबी भरतानाच्या गव्हाला एक पाणी चुकलं तर दाणा चिमतो, हे कपाशीच्या मुलखातल्या मुलीला कोण सांगणार. तो वाफा म्हणजे पूजा नव्हे, माप आहे, एवढं सरळ माझ्या ध्यानात आलं नाही. बाईने शेवटाला जमीन का घेतली, ही गोष्ट मी लिंबाखाली बसून दहा वेळा ऐकली होती आणि दहाही वेळा मला फक्त घोडी दिसली होती.

मी परत येऊन होय म्हणून मान हलवली. नानांनी माझ्या चेहऱ्याकडेही नीट पाहिलं नाही, इतका त्यांचा विश्वास. लिंबाला धरून उठले आणि हाक दिली. ती शेताशेतांतून वर गेली, फळ्या पडल्या, नदी खाली गेली. घरी येऊन मी नानांना काढा करून दिला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं होतं. पाच-सहा बायका, मी टोकाला. येसूअक्का गुडघाभर पाण्यात उभी राहून घोंगडी पिळत होती. पिळता पिळता, कोणाकडेही न बघता, सहज म्हणाली, "बाई उनी व्हती काल."

बाई काल आली होती म्हणताच सगळ्यांचे हात थांबले.

"भर दुपारले. मी बाभूयखाले बठेल व्हती. हातमा घागर व्हती तिना. आपला वाफाले आपलाच हाते पानी घाली गई."

एकीने हळूच विचारलं, "घोडी व्हती का अक्का?"

"घोडी नई देखी. पायी उनी व्हती. नवी नवरी चालस तशी. जोडवा वाजत व्हतात."

"जोडवा? बाई ते विधवा व्हती ना?"

येसूअक्काने घोंगडी खांद्यावर टाकली. "मरनामांगे कोन कसानी विधवा, माय," ती म्हणाली. "आते मना वावरनी माले चिंता नई. बाई उनी म्हनजे पानी येईच."

बायकांनी ओल्याच हातांनी नमस्कार केला. मीही केला. माझे पाय पाण्यात होते आणि जोडवी दगडाला लागून वाजू नयेत म्हणून मी हलत नव्हते.

त्यानंतरचे दिवस मला स्वप्नातल्यासारखे आठवतात, आणि ते स्वप्न चांगलं नव्हतं. येसूअक्काच्या गव्हाची पानं दुपारी सुरळी व्हायला लागली. दुसऱ्या कोणाचं असं झालं असतं तर तो नानांच्या दारात येऊन बसला असता. ती आली नाही. बाईने स्वतः पाणी घातल्यावर पाटकऱ्याकडे कशाला जायचं. तिला खरं सांगावं तर तिचा आधार काढून घ्यायचा, नानांना सांगावं तर त्यांनी खोटी हाक दिली हे त्यांना कळणार, आणि गप्प राहावं तर तिचं वर्ष जाणार. मी गप्प राहिले आणि घागर उचलली. सगळे जेवून आडवे झाले की मी जायची, डोहातून पाणी आणायची आणि तिच्या शेतात ओतायची. एवढं मोठं शेत आणि एवढीशी घागर. पाणी पडायचं तिथे एक काळा डाग उमटायचा आणि पुढची घागर आणेपर्यंत तो नाहीसा झालेला असायचा. हाताला फोड आले. एकदा ऊन सोसवेना म्हणून पाटाच्या कडेला बसले तर समोर, पार बंधाऱ्याच्या बाजूला, पांढरं काहीतरी हळूहळू चालताना दिसलं. बगळा असेल. धोब्याचं जनावर असेल. ते थांबलं, आणि मला वाटलं माझ्याकडे बघतंय. भीती वाटली नाही. लाज वाटली.

पाचव्या दिवशी मी नानांना सांगितलं. ते ओसरीवर दोरी वळत होते. ताप उतरला होता, पण आवाज खोल गेलेला. मी सगळं सांगितलं, डोह, घागर, वाफा, नदीवरचं बोलणं. त्यांचे हात वळता वळता थांबले.

"किती घागरी टाक्यात?"

सहा, मी म्हटलं.

"आनि येसूनं वावर?"

कोरडं, मी म्हटलं. ते उठले. मला वाटलं आता रागावतील, आणि रागावले असते तर फार बरं झालं असतं. "मना पागोटा दे," एवढंच म्हणाले.

खालच्या गावात काय झालं ते त्या गावच्या पाटकऱ्याने पुढे कितीतरी वर्षांनी आमच्या ह्यांना सांगितलं. नाना त्यांच्या बंधाऱ्यावर जाऊन उभे राहिले, पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाले, "बाई न्हायनी नई. मी खोटी हाक दिन्ही." पाळी गेल्यावर पाणी परत मागायला त्या नदीवर कोणी कधी आलं नव्हतं. त्या माणसाने काही विचारलं नाही. म्हणाला, "बाईना वाफा सुका आनि आमना गहू हिरवा, हाई कसं चाली, नाना? एक दिनना पानी लई जा." जिची घोडी, जिचं पांढरं पातळ कुठल्याच कागदावर नाही, त्या बाईच्या नावावर एका गावाने दुसऱ्याला आपलं पाणी दिलं. आमचे हे त्यानंतर बाईला भांडखोर म्हणाले नाहीत.

त्या दिवशी नाना पाण्याबरोबर शेवटापर्यंत चालले, एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर. वरच्या प्रत्येक शेताशी थांबून, पाणी आत घ्यायचं तोंड बंद झालंय का, ते काठीने दाबून बघत. पाण्याचं टोक वाळलेली पानं आणि मुंग्या पुढे ढकलत सरकत होतं. येसूअक्काच्या शेतात शिरलं तेव्हा भेगांतून बारीक आवाज आला, तहानलेलं मूल घाईने पिताना येतो तसा. येसूअक्का बांधावर उभी होती. आश्चर्य वाटल्याचं काही चिन्ह तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. उन्हं कलता कलता बाईचा वाफा भिजला. नानांनी हाक दिली नाही. मग येसूअक्कानेच तोंडाला पदर न लावता मोकळ्या गळ्याने हाक दिली, आणि बाईमाणसाची हाक ऐकून पुढच्या शेतातला माणूस क्षणभर चुकला, पण त्याने ती उचलली.

पाडव्याला नानांनी पंचांपुढे फावडं ठेवलं. "मनी नजर आते चुकस," म्हणाले. मी दाराआडून बोलायला पुढे झाले तर त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मी जागीच राहिले. पाटकरीपण दुसऱ्या घरी गेलं. त्यानंतर नाना बारा वर्षं जगले, आणि त्यांनी मला त्या गोष्टीवरून एक शब्द ऐकवला नाही. मी मात्र त्यांचं ते रिकाम्या खांद्याचं चालणं रोज बघत होते. अजूनही दुपारी झोप लागता लागता ते मला दिसतं, आणि मग झोप लागत नाही.

पण त्या पाडव्याच्या आधीच, फाल्गुनात, गहू कापणीला आला तेव्हा, येसूअक्का एका दुपारी आमच्या दारात आली. पदरात भाजलेल्या ओंब्या होत्या. विधवेने सवाशिणीची ओटी भरायची नसते म्हणून तिने त्या उंबऱ्यावर ठेवल्या.

"बाईना वाटा शे," ती म्हणाली.

मी म्हटलं, अक्का, बाईचा वाटा तर वाफ्यावर ठेवतात.

तिने माझा हात धरला, उलटा केला आणि फोड वाळून कडक झाले होते त्यांवरून अंगठा फिरवला. माझी मान वर होईना. डोळ्यांतलं पाणी तिच्या मनगटावर पडलं तरी तिने हात सोडला नाही.

"त्या दिन नदीवर मी बाईनी गोट कोनले सांगत व्हती, पोरी?" ती हळूच म्हणाली. "नानाले सांगती ते चार लोकमा तुनी इज्जत जाती. मी मनमा म्हनं, हाई पोरले ऐकू जाई. दोन दिनमा सोताच नानाले सांगी दी."

मी पाच दिवस लावले होते. तिच्या शेताचा बाभळीकडचा पट्टा तोवर गेला होता. त्यातलं बी त्या साली निघालं नाही.